तंत्रज्ञानाच्या बातमीवर पत्र लिहिताना

मार्च 2023 च्या शेवटच्या आठवड्यात यूपीआयवरून उठलेला गदारोळ अनेकांना आठवत असेल. 1 एप्रिलपासून दोन हजारांच्या वर पैसे दिले की 1.1 टक्का शुल्क कापलं जाणार, अशी बातमी सकाळी मोबाइलवर आली आणि दुपारपर्यंत घराघरांत संताप पोचला. किराणा दुकानदारांनी स्कॅनर काढून ठेवण्याची भाषा केली. निवृत्त शिक्षकांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी मतं मांडली. त्यातली बहुतेक मतं मनापासूनची होती आणि जवळजवळ सगळी भलत्याच गोष्टीवर होती.

मूळ परिपत्रक 24 मार्चचं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं. वॉलेटसारख्या प्रीपेड साधनातून व्यापाऱ्याला दोन हजारांच्या वर पैसे दिले, तर व्यापाऱ्याच्या बाजूच्या बँकेनं किंवा पेमेंट कंपनीनं वॉलेट कंपनीला द्यायचं शुल्क, म्हणजे इंटरचेंज, त्यात ठरवलं होतं. व्यवसायाच्या प्रकारानुसार ते अर्ध्या टक्क्यापासून 1.1 टक्क्यापर्यंत होतं. ग्राहकाकडून काहीच कापलं जाणार नव्हतं. खात्यातून खात्यात जाणारे व्यवहार, म्हणजे एनपीसीआयच्याच 29 मार्चच्या खुलाशाप्रमाणे त्या वेळच्या यूपीआय व्यवहारांपैकी 99.9 टक्क्यांहून जास्त, या शुल्काच्या बाहेर होते.

मला खरं वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या परिपत्रकात छोट्या दुकानदारानं विचारायलाच हवा असा एक प्रश्न होता. पेमेंट कंपनी वॉलेट कंपनीला जे शुल्क देणार, ते ती पुढे दुकानदाराकडून वसूल करणार का? हा प्रश्न त्या आठवड्याच्या आरडाओरड्यात कुठे ऐकूच आला नाही. खुलासा आला, सगळ्यांनी हुश्श केलं आणि विषय मिटला. चुकीच्या जागी खर्च झालेला राग योग्य प्रश्नालाही सोबत घेऊन जातो.

म्हणून हा लेख. तंत्रज्ञानाच्या बातम्या आता घरखर्चाच्या, शेतीच्या, पोरांच्या शिक्षणाच्या बातम्या झाल्या आहेत. त्यांवर मत मांडायला इंजिनिअर असावं लागत नाही. मत ठाम असावं, धारदार असावं, हवं तर चिडलेलंही असावं. फक्त ते अशा रीतीनं लिहिलेलं असावं की वाचणाऱ्याला त्याचं काहीतरी करता येईल. संपादकांना पत्र लिहा, दूरसंचार नियामक ट्रायला हरकत पाठवा किंवा मंत्रालयाच्या मसुद्यावर सूचना करा, पद्धत फारशी वेगळी नाही.

बातमी वाचली की आधी पाहायचं, ती कोणत्या टप्प्यावर आहे. शासकीय कारभारात एखादी गोष्ट आधी चर्चापत्रात येते, मग मसुद्यात, मग अधिसूचनेत आणि मग अंमलात. मथळा मात्र चारही टप्प्यांना एकच लावतात. 17 ऑगस्ट 2022 ला रिझर्व्ह बँकेनं पेमेंटवरच्या शुल्कांबाबत चर्चापत्र काढलं होतं. त्यात यूपीआयवर शुल्क असावं का, हा प्रश्न विचारलेला होता, निर्णय नव्हता. मत द्यायला 3 ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. लोक मात्र निर्णय झालाच असं समजून रागावले, आणि चारच दिवसांनी अर्थमंत्रालयानं असा विचार नाही असं जाहीर केल्यावर गप्प बसले. मुदत संपायला तेव्हा महिनाभराहून अधिक वेळ होता. चर्चापत्राच्या टप्प्यावर नुसता निषेध नोंदवून फारसं हाती लागत नाही, तिथे उत्तर द्यायचं असतं. मसुद्यावर कलमावार हरकत घ्यायची. अधिसूचना निघाल्यावर अंमलबजावणीतल्या अडचणी मांडायच्या. आपलं वाक्य कोणत्या टप्प्यासाठी आहे ते ठरलं, की अर्धं पत्र तिथेच सुचतं.

दुसरी गोष्ट, यंत्रणा कशी चालते एवढं जुजबी तरी समजून घ्यायचं. एप्रिल 2025 मध्ये दोन हजारांवरच्या यूपीआय व्यवहारांवर जीएसटी लागणार अशी आवई उठली. ज्याला जीएसटी कशावर लागतो हे ठाऊक होतं, त्याला ही बातमी वाचतानाच शंका यायला हवी होती. अशा व्यवहारात जीएसटी लागतो तो सेवेच्या शुल्कावर. कार्डानं पैसे घेतले की व्यापाऱ्याकडून एमडीआर नावाचं शुल्क घेतात, त्यावर जीएसटी असतो. खात्यातून केलेल्या यूपीआय पेमेंटवरचा एमडीआर तर जानेवारी 2020 पासूनच शून्य आहे. शुल्कच नाही तर त्यावर कर कसला? 18 एप्रिलला अर्थमंत्रालयानं नेमकं हेच सांगितलं. एवढी माहिती मिळवायला अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास दिला की पुढची दोन वर्षं तुम्हाला अशा बातम्या फसवू शकत नाहीत.

आता प्रत्यक्ष पत्राकडे येऊ. 2023 च्या त्या बातमीवर एखाद्या दुकानदारानं असं लिहिलं असतं, समजा :

“आता यूपीआयवरही शुल्क! आधी लोकांना कॅशलेसची सवय लावायची आणि मग त्यांचाच खिसा कापायचा, हा ठरलेला डाव आहे. सामान्य माणसानं जगायचं कसं? सरकारनं याचा विचार करावा.”

या पत्रात सहानुभूती वाटावी असं बरंच आहे, पण हाताला लागेल असं काही नाही. कोणतं शुल्क, कुणाकडून, किती? ‘याचा विचार करावा’ म्हणजे नेमकं काय करावं? एनपीसीआयमधला अधिकारी हे वाचून एकच उत्तर देईल : तुमच्याकडून काही कापलं जाणार नाही. त्यावर पत्रलेखकाकडे बोलायला काही उरत नाही. तोच माणूस, तीच चीड, पण परिपत्रक वाचल्यावर :

“माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पत्रे, पाइप, रंग अशी खरेदी असली की बिल सहज तीन हजारांपर्यंत जातं. गिऱ्हाईक पैसे बँक खात्यातून देतंय की वॉलेटमधून, हे साउंडबॉक्स मला सांगत नाही. वॉलेटमधून आलेल्या रकमेवर माझ्या पेमेंट कंपनीला 1.1 टक्क्यापर्यंत शुल्क द्यावं लागणार आहे. तिनं ते माझ्याकडून वसूल करायचं ठरवलं, तर तीन हजारांच्या बिलामागे 33 रुपये जातात. ज्या मालावर मला शंभराला चार-पाच रुपये सुटतात, तिथे ही रक्कम लहान नाही. माझ्या दोन मागण्या आहेत. वॉलेटचं पेमेंट घ्यायचं की नाही, हे ठरवण्याची सोय दुकानदाराला द्यावी. आणि शुल्क लावलंच, तर महिन्याच्या हिशेबात ते वेगळ्या ओळीत दाखवावं.”

दुसऱ्या पत्रात रागाचा शब्द एकही नाही, तरी ते पहिल्यापेक्षा जास्त झोंबतं. त्याला आकड्यानं धार आली आहे, आणि तो आकडा त्या दुकानदाराशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाही. दिल्लीतल्या तज्ज्ञाला इंटरचेंजची व्याख्या येते. पाइपच्या तुकड्यावर किती सुटतं ते त्याला ठाऊक नसतं. वाचकाची ताकद इथे आहे. आपल्या रोजच्या व्यवहारात ती बातमी कुठे येऊन टेकते, तेवढं नेमकं लिहायचं. तंत्रज्ञान मानवजातीचं भलं करील की वाटोळं, हा विषय दुसऱ्यांसाठी सोडून द्यायला हरकत नाही.

अशा नेमकेपणाचं वजन किती असतं, हे आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर दिसलं आहे. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण पत्र लिहू पाहणाऱ्याला तिच्याइतका चांगला धडा मला दुसरा ठाऊक नाही.

फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर सहा राज्यांत एक सेवा सुरू केली. महाराष्ट्र त्या सहांतलं एक. डेटा पॅक नसला तरी ठरावीक संकेतस्थळं फुकट पाहता येतील, अशी ती योजना होती. पुढे तिचं नाव फ्री बेसिक्स झालं. त्याच सुमारास, 27 मार्च 2015 ला, ट्रायनं इंटरनेटवरच्या सेवांबाबत शंभराहून जास्त पानांचं चर्चापत्र काढलं. त्यात वीस प्रश्न होते. ते वाचणं सामान्य माणसाला जडच होतं. मग काही तरुण स्वयंसेवकांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाची मोहीम उघडली, वीसही प्रश्नांची मसुदा-उत्तरं तयार केली आणि ज्याला हवं त्यानं त्यात बदल करून पाठवावीत अशी सोय केली. महिन्याभरात दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले.

डिसेंबरमध्ये ट्रायनं दुसरं चर्चापत्र काढलं. ते आटोपशीर होतं, प्रश्न चारच. वेगवेगळी संकेतस्थळं पाहण्यासाठी कंपन्यांना वेगवेगळा दर लावू द्यावा का? द्यायचा असेल तर भेदभाव होऊ नये, स्पर्धा टिकावी यासाठी काय करावं? लोकांना फुकट इंटरनेट पुरवण्याचा दुसरा काही मार्ग आहे का? आणि आणखी काही सांगायचं आहे का? या वेळी फेसबुकनंही जोर लावला. पानभर जाहिराती आल्या. आपल्या वापरकर्त्यांना एक बटण दाबून फ्री बेसिक्सच्या बाजूनं पत्र पाठवण्याची सोय कंपनीनं करून दिली. 28 डिसेंबरला मार्क झुकरबर्ग यांचा लेख एका इंग्रजी दैनिकात छापून आला. हवामान आणि बाजारभाव पाहण्यासाठी ही सेवा वापरणाऱ्या महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं उदाहरण त्यात दिलेलं होतं.

ट्रायकडे या खेपेला सुमारे 24 लाख प्रतिक्रिया आल्या. त्यातल्या 19 लाखांच्या आसपास फ्री बेसिक्सला पाठिंबा देणाऱ्या होत्या. नुसती मतमोजणी असती तर निकाल तिथेच लागला असता. पण ट्रायनं फेसबुकला लेखी कळवलं, की ही पत्रं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत, तुम्ही सल्लामसलतीचं रूपांतर जनमत चाचणीत करत आहात. 8 फेब्रुवारी 2016 ला निकाल आला. मजकुरानुसार वेगळा दर लावण्यावर बंदी, आणि मोडेल त्याला दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख रुपयांपर्यंत दंड. काही दिवसांतच फेसबुकनं भारतातलं फ्री बेसिक्स बंद केलं.

हा निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. कोणती संकेतस्थळं फुकट आणि कोणती विकत, हे एका कंपनीनं ठरवलं की नव्यानं काही सुरू करू पाहणाऱ्याला दारातच अडवलं जातं. मराठीत छोटंसं बाजारभावाचं अॅप काढणाऱ्या मुलाला आधी त्या कंपनीच्या यादीत शिरावं लागलं असतं. पण माझं मत बाजूला ठेवा. ज्यांना फ्री बेसिक्स हवं होतं, त्यांची बाजूही बिनबुडाची नव्हती. तेव्हा डेटा महाग होता आणि खेड्यापाड्यांतल्या मोठ्या लोकसंख्येला इंटरनेट परवडत नव्हतं. त्या 19 लाखांतल्या काही हजारांनी जरी पहिल्या दोन प्रश्नांना स्वतःची उत्तरं दिली असती, आम्ही गावात ही सेवा कशासाठी वापरतो, दुसऱ्या कोणत्या संकेतस्थळांची गरज पडते, ती तिथे आहेत की नाहीत, हे लिहिलं असतं, तर ट्रायला त्याची दखल घ्यावीच लागली असती. उदाहरणातल्या शेतकऱ्यासारखे शेतकरी आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या वतीनं बटणं दाबली गेली, त्यांचं म्हणणं मात्र कागदावर आलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ठरावीक स्थळांऐवजी, ज्यावर संपूर्ण इंटरनेट पाहता येईल असा थोडा डेटा सगळ्यांना फुकट द्या, असा पर्याय चर्चेत होता. त्याला बंदी नाही हे ट्रायनं निर्णयासोबतच्या स्पष्टीकरणात आवर्जून लिहिलं. डिसेंबर 2016 मध्ये तर ग्रामीण ग्राहकांना महिन्याला 100 एमबी फुकट द्यावेत अशी शिफारसही ट्रायनं केली. विरोध करताना दुसरा मार्ग सुचवला, की तो कागदोपत्री टिकून राहतो आणि पुढे कधीतरी वर येतो.

म्हणून तयार मजकूर आला की तो तसाच पुढे पाठवू नका. ‘सेव्ह द इंटरनेट’चाही मजकूर तयारच होता, पण त्यात प्रश्नांची उत्तरं होती आणि बदल करायला वाव होता. आपल्या बाजूच्या मोहिमेलाही हीच कसोटी लावा. चार ओळी आपल्या घाला, जिथे पटत नाही तिथे कात्री लावा, मग पाठवा.

मूळ कागद वाचण्याबद्दल लोकांच्या मनात उगाच धास्ती असते. सगळा वाचायची गरज नसते. आपल्याला खटकलेली गोष्ट ज्या कलमात आहे ते कलम शोधायचं आणि तेवढं तीनदा वाचायचं. सप्टेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारनं एन्क्रिप्शनविषयी धोरणाचा मसुदा काढला. नागरिकांनी आपल्या सांकेतिक संदेशांचा मूळ मजकूर 90 दिवस जपून ठेवावा आणि तपास यंत्रणांनी मागितला तर दाखवावा, अशी अपेक्षा त्यात होती. म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे निरोप तीन महिने पुसायचे नाहीत. लोकांनी तेवढ्या कलमावर बोट ठेवलं आणि 22 सप्टेंबरला मसुदा मागे घेतला गेला. मोबाइल सुरक्षेसाठीच्या सरकारी संचार साथी अॅपच्या वेळीही असंच झालं. नव्या फोनमध्ये ते आधीपासून घालून द्यावं असा आदेश 28 नोव्हेंबर 2025 ला निघाला. टीका झाल्यावर दूरसंचार मंत्र्यांनी सांगितलं, नको असेल तर अॅप काढून टाका. पण ज्यांनी आदेश वाचला होता त्यांनी दाखवून दिलं, की अॅपची कामं बंद किंवा मर्यादित करता येणार नाहीत याची खबरदारी कंपन्यांनी घ्यावी, असं त्यात म्हटलं आहे. मग काढून टाकता येतं हे खरं, की आदेशात लिहिलंय ते खरं? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली.

कंपन्यांच्या घोषणांवर लिहिताना वाचण्यासाठी असा शासकीय कागद नसतो. तिथे हिशेब मागायचा. फेब्रुवारी 2016 मध्ये 251 रुपयांचा स्मार्टफोन जाहीर झाला, तेव्हा अनेकांनी टाळ्या वाजवल्या, अनेकांनी थट्टा केली. खरी कामाची प्रतिक्रिया एकच होती : पडदा, बॅटरी, चिप यांची घाऊक किंमत किती आणि उरलेले पैसे कोण घालणार? तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी हा विषय जाहीरपणे लावून धरला, मोबाइल उत्पादकांच्या संघटनेनंही एवढ्या किमतीत फोन होऊच शकत नाही असं सरकारला कळवलं. नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती तो फोन कधीच आला नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावानं रोज काही ना काही जाहीर होतं : अमुक अॅप रोग ओळखतं, तमुक यंत्र मराठी अचूक समजतं. अशा बातमीवर लिहायचं तर विचारा, ही अचूकता कुणी मोजली, कुणावर मोजली, त्यात वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारे होते का? तुम्ही स्वतः वापरून पाहिलं असेल तर काय बोललात आणि यंत्रानं काय लिहिलं, ते जसंच्या तसं द्या. दहा विशेषणांपेक्षा ते एक उदाहरण भारी पडतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हरकती-सूचनांना पाठवलेलं पत्र बऱ्याचदा जाहीर होतं. ट्रायनं एप्रिल 2015 मध्ये आलेले सगळे ईमेल संकेतस्थळावर टाकले, तेव्हा पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही त्यात उघडे पडले. म्हणून पत्राच्या मजकुरात मोबाइल नंबर, आधार क्रमांक, खाते क्रमांक कधीही लिहू नका. मागितलाच असेल तर ज्या रकान्यात मागितला आहे तिथेच भरा. तुम्ही एखाद्या दूरसंचार किंवा पेमेंट कंपनीत नोकरीला असाल, तिचे वितरक असाल, तर पहिल्याच ओळीत सांगून टाका. लपवलेलं नंतर बाहेर आलं की खरं म्हणणंही खोटं ठरतं. वर्तमानपत्रासाठी दीडशे-दोनशे शब्द पुरे, आणि बातमी कोणत्या तारखेच्या अंकातली आहे ते लिहायला विसरू नका. नियामकाला पाठवताना मात्र लांबी चालते, तिथे प्रश्न क्रमांक किंवा कलम क्रमांक दिलाच पाहिजे.

मराठीत लिहावं का, असं पुष्कळजण विचारतात. जरूर लिहावं. इंग्रजी येत नाही म्हणून कितीतरी अनुभवी माणसं, कितीतरी दुकानदार, शिक्षिका, आशा सेविका या सगळ्यातून बाहेर राहतात. त्यांच्या वाट्याला तर रोज नवं अॅप येतं. पत्र मराठीत लिहा आणि जमलं तर घरातल्या शिकणाऱ्या मुलांकडून त्याचा इंग्रजी तर्जुमा करून सोबत जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला सबब उरत नाही. मसुदा मराठीत नव्हता म्हणून आम्हाला मत देता आलं नाही, ही हरकतही लेखी नोंदवण्याजोगी आहे. केंद्र सरकारच्या 2014 च्या धोरणाप्रमाणे कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावेत आणि त्यांचा अर्थ सोप्या भाषेत समजावून द्यावा, असं अपेक्षित आहे. मुदत त्याहून कमी दिली असेल, तर पत्राच्या सुरुवातीलाच तसं लिहा आणि वाढ मागा. फ्री बेसिक्सच्या चर्चापत्राची मुदत आधी 30 डिसेंबर होती, मग 7 जानेवारीपर्यंत वाढली होती.

पत्र छापून आलं नाही, पोच मिळाली नाही, तरी प्रत जपून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच विषयाचा दुसरा मसुदा येतो, आणि तेव्हा आपण आधीही हे कळवलं होतं असं तारखेनिशी सांगता येतं.

पुढच्या वेळी ‘हरकती व सूचना मागवल्या आहेत’ असं बातमीच्या तळाशी दिसलं, तर आधी शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वीस प्रश्न असतील आणि तुम्हाला एकाचंच उत्तर येत असेल, तर तेवढं एकच, त्याच्या क्रमांकासह आणि तुमच्या अनुभवासह, त्या तारखेच्या आत पाठवा.